शेवंतीला अंधार लागतो

आमच्या साताऱ्याच्या घरामागे, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे सासूबाईंनी लावलेली पिवळी शेवंती होती. बटणशेवंतीच्या वळणाची, रुपयापेक्षा जरा मोठं फूल, गच्च पाकळ्या. फूल खुडलं की तो कडूसर वास तासभर बोटांना राहायचा. जात कुठली ते आईंनाही ठाऊक नव्हतं. माहेरून, वाईहून काश्या आणल्या एवढंच त्या सांगायच्या. काश्या म्हणजे शेवंतीच्या बुडाशी जमिनीतून निघणारे फुटवे. मुळासकट फुटवा काढायचा, दुसरीकडे लावायचा, की झालं नवं झाड. म्हणजे वाईचं ते एकच झाड चाळीस वर्षं आमच्याकडे जगत होतं.

२०२१च्या मे महिन्यात कुंपणाची भिंत नव्यानं बांधायला काढली आणि विटांचा ढीग नेमका त्या वाफ्यावर पडला. कामाच्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. विटा उचलल्या तेव्हा खाली सात काश्या जिवंत निघाल्या. आई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. या सात जगवायच्या, यापलीकडे तेव्हा मला काही सुचत नव्हतं.

सातही कुंड्यांत लावल्या. माती अंगणातलीच, काळी, चिकट. जुलैत पावसानं आठवडाभर उसंत दिली नाही आणि एकेक रोप माना टाकायला लागलं. मला वाटलं, ऊन नाही म्हणून. एक उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बोटात धरली की साल सुटून येत होती. पाणी तुंबून मुळं कुजली होती. चार गेली. वाचलेल्या तीन कुंड्यांत मी तळाला बांधकामातले विटांचे तुकडे टाकले होते, आणि तेही केवळ माती कमी पडली म्हणून! तेव्हापासून माझं मिश्रण ठरलेलं आहे: दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि तळाला तीन बोटं विटांचे तुकडे. शेवंती भरपूर पाणी पिते, पण पाण्यात उभी राहत नाही.

त्या तिन्हींनी दिवाळीनंतर थोडी फुलं दिली. फुलं संपल्यावर फेब्रुवारीत झाडं जमिनीपासून चार बोटं ठेवून कापली. पंधरा दिवसांत बुडातून हिरवे कोंब वर आले. त्यातल्या चौदा काश्या निवडून छोट्या पिशव्यांत लावल्या आणि उन्हाळाभर आंब्याच्या सावलीत सांभाळल्या. जूनमध्ये त्या दहा इंची कुंड्यांत गेल्या. चौदा कुंड्या आणि पुढे अख्खं वर्ष, मला फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं.

इथून पुढचं काम म्हणजे शेंडे खुडणं. रोप वीतभर झालं, सहासात पानं आली की वरचा शेंडा नखानं खुडायचा. मग बगलेतून तीनचार फांद्या फुटतात. त्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. पहिल्यांदा हात धजत नाही, पण खुडलं नाही तर झाड काठीसारखं उंच जातं आणि वर मूठभर फुलं येऊन पहिल्या पावसाच्या सरीला आडवं होतं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं खुडणी आणि आधार दोन्ही न लागणाऱ्या बुटक्या शेवंत्या तयार केल्या आहेत, ज्यांना वेळ नाही त्यांनी त्या जरूर लावाव्यात. आमची गावठी, तिला खुडावंच लागतं.

शेवटची खुडणी कधी? आईंचा नियम होता, ‘गणपती बसले की शेंड्याला हात लावायचा नाही.’ २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, नियम अगदी बरोबर बसला. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि गणपती १९ सप्टेंबरपर्यंत लांबले. तोवर खुडत बसले असते तर कळ्याच हातात आल्या असत्या. म्हणून आता मी कॅलेंडर बघते, ऑगस्ट संपला की खुडणी बंद.

तर २०२२. झाडं कमरेला लागली, पानं गडद हिरवी, भरदार. दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून देत होते. सप्टेंबरात कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला, तो पाण्याच्या फवाऱ्यानं धुतला आणि नंतर दोनदा निंबोळी अर्क मारला. पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी, पानं ओली राहिली की काळे ठिपके येऊन खालून वाळत जातात. सगळं रीतसर चाललं होतं. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. तोवर फुलं नाही तरी कळ्या दिसायला हव्या होत्या. एकही नव्हती. मी मंडईतून पावशेर शेवंती आणली आणि आईंच्या फोटोला वाहिली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग जो भेटेल त्याला विचारत सुटले. एकीनं सांगितलं, खत जास्त झालं. खरं असेल म्हणून पेंड बंद केली. एकानं पोटॅश द्यायला सांगितलं, तेही दिलं. केळीच्या साली पुरल्या. फरक शून्य.

नोव्हेंबरात एकदा घर झाडताना मागच्या बाजूचा पाण्याचा ड्रम सरकवला आणि थबकलेच. चौदांपैकी दहा कुंड्या मी पुढे फाटकाजवळ मांडल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. चार जागा नाही म्हणून मागे ड्रमाशेजारी होत्या. त्या चार खुरट्या, दुर्लक्षित झाडांवर हरभऱ्याएवढ्या कळ्या लगडल्या होत्या. माती तीच, खत तेच, काश्या त्याच आईच्या. उलट पुढच्यांना ऊन जास्त होतं.

उत्तर मिळालं ते एका शेतकऱ्याकडून. कोरेगावकडचे, पॉलिहाउसमध्ये शेवंती करतात, आमच्या मंडईतल्या फुलवाल्याकडे माल घालायला येतात. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“वहिनी, फाटकापाशी रातीचा उजेड कुठनं येतोय?”

“रस्त्यावरचा दिवा आहे ना दादा. पावसाळ्यात नवा बसवला, पांढरा लख्ख. आम्हाला बरंच झालं.”

“तुमास्नी बरं झालं, झाडाला न्हाई. शेवंतीला अंधार लागतो. ती रात मोजती.”

आणि मग त्यांनी मला त्यांचं काम समजावलं. त्यांना फूल उशिरा हवं असेल, झाड आधी उंच वाढवायचं असेल, तर ते मध्यरात्रीच्या सुमारास काही तास बल्ब लावून ठेवतात. रात्र मधेच तुटते, झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, ते नुसतं वाढत राहतं. फूल लवकर हवं असेल तर उलट, संध्याकाळी लवकर काळं कापड ओढून रात्र लांबवतात. म्हणजे जी गोष्ट ते पैसे खर्चून मुद्दाम करतात, ती माझ्या दहा कुंड्यांवर रोज फुकट होत होती.

घरी येऊन मी यावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी १९२० साली हे पहिल्यांदा नीट मांडलं, तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून. काही झाडं दिवस आखूड झाल्यावर फुलतात, काही दिवस लांबल्यावर, काहींना त्याचं काही नसतं. शेवंती पहिल्या प्रकारातली. उजेडअंधार कळतो तो पानांना, निरोप जातो शेंड्याला. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या जरा वर असतो आणि डिसेंबरात अकरावर येतो. एवढ्याशा फरकावर ती आपलं वर्ष ठरवते. हे वाचल्यावर माझा तिच्याविषयीचा आदर फार वाढला. आमच्या आई पंचांग न बघता सण सांगायच्या, त्यांची आठवण झाली.

२० नोव्हेंबरला दहाही कुंड्या मागे नेल्या. तीन आठवड्यांत कळ्या दिसल्या आणि जानेवारीच्या शेवटी रंग भरला. २८ जानेवारी २०२३ला रथसप्तमी होती. सूर्याच्या पूजेला पहिली ओंजळभर फुलं घरची होती.

त्याच महिन्यात पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मी दुसरंच एक झाड पाहिलं आणि हरखून गेले. शेवंतीसारखंच, पण फुलं शर्टाच्या बटणाएवढी, पांढरी, घुमटाकार, झुबक्यानं आलेली. पाटीवर लिहिलं होतं मॅट्रिकारिया. हेच फीव्हरफ्यू. मूळचं बाल्कन आणि तुर्कस्तानाकडचं, युरोपात तापावर द्यायचे म्हणून हे नाव. पूर्वी वनस्पतिशास्त्रातही याला शेवंतीच्याच कुळीत धरायचे, आता वेगळं नाव दिलंय, पण पान चुरगाळलं की भाऊबंदकी लगेच कळते. तोच कडू वास, कापराच्या अंगानं जाणारा. औषध म्हणून मी ते तोंडात घातलेलं नाही आणि कुणी घालू नये. गरोदर बायकांनी तर नाहीच, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनीही नाही. माझ्या नणंदेला नुसता पाला हाताळून मनगटावर पुरळ उठली होती, तेव्हा हातमोजे घाला.

बियांचं पाकीट आणलं आणि ऑक्टोबरात पेरलं. बी रव्यापेक्षा बारीक. मी सवयीप्रमाणे वर अर्धा बोट माती टाकली आणि तीन आठवडे रिकाम्या ट्रेकडे बघत बसले. त्याला रुजायला उजेड लागतो, हे नंतर कळलं. दुसऱ्या खेपेला ओल्या मातीवर बी नुसतं भुरभुरवलं, तळहातानं दाबलं, वर काचेचं झाकण. बाराव्या दिवशी हिरवी लव दिसली. गाजराच्या पानासारखी पानं आल्यावर एकेक रोप कुंडीत हलवलं. जागेअभावी तीन कुंड्या फाटकाजवळ गेल्या, त्याच दिव्याखाली, तीन मागे.

फेब्रुवारीच्या शेवटी दिव्याखालच्या तिन्हींवर पांढरे झुबके आले. मागच्यांना एप्रिल उजाडला. फीव्हरफ्यू शेवंतीच्या उलट, दिवस लांबले की फुलणारं. सहा कुंड्यांवरून मी मोठा सिद्धांत मांडत नाही, पण ज्या दिव्यानं माझ्या शेवंतीची दिवाळी बुडवली, त्याच दिव्यानं या पाहुणीला लवकर फुलवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून फाटकाजवळची जागा हिवाळ्यात तिची. मे महिन्याचं ऊन मात्र तिला सोसत नाही, आमच्याकडे ती एका हिवाळ्याचीच सोबतीण आहे. बी धरून ठेवायचं आणि ऑक्टोबरात पुन्हा पेरायचं.

२०२३चा शेवंतीचा हंगाम सुखाचा गेला. सगळ्या कुंड्या मागच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या खिडकीला संध्याकाळी पडदा, मागच्या दाराचा दिवा गरजेपुरता. ऑक्टोबरात कळ्या मटाराएवढ्या झाल्यावर बांबूच्या कामट्या रोवून सुतळीनं सैल आठाच्या आकड्यात बांधल्या, नाहीतर फुलांच्या वजनानं फांद्या बुडातून फाटतात. कळ्यांना रंग दिसू लागला की खत बंद केलं. १२ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला परडी भरली. १४ डिसेंबरला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, तेव्हा वेणी करण्याइतकी फुलं शिल्लक होती. वाळलेली फुलं वेळच्या वेळी काढत गेलं तर महिनासव्वा महिना बहर टिकतो.

फेब्रुवारीत झाडं कापली. या वेळी एकतीस काश्या निघाल्या. सहा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुण्याला लेकीकडे नेल्या. तिचा चौथा मजला, पूर्वेची गॅलरी, ऊन उत्तम. पण खाली सोसायटीच्या पार्किंगचा मोठा झोत आहे.

कोरेगावच्या दादांनी मला एक युक्ती सांगितली होती: रात्री झाडाच्या जागी वर्तमानपत्र धरायचं, मथळा वाचता आला तर तिथं शेवंती ठेवायची नाही. जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी घरातले दिवे मालवले आणि काश्या बांधून आणलेला तोच ओला कागद घेऊन गॅलरीभर फिरलो. कठड्याशी मथळा वाचता येत होता. मधेही येत होता. वॉशिंग मशिनच्या मागच्या कोपऱ्यात तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“आई, इथे नाही दिसत काही.”

“सकाळी ऊन येतं का तिथे?”

“दहापर्यंत येतं.”

सहाही कुंड्या आम्ही तिथे ओळीनं मांडल्या.