तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच जनुकाने एवढे कसे बिघडते?

बाळाचा रिपोर्ट हातात घेतलेले आईवडील मला हमखास विचारतात, “एकच जनुक बिघडले, तर सगळी प्रतिकारशक्ती कशी जाते?” मी रक्तपेशींच्या तपासणीचे काम करते, तेवढ्या वेळात नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आयएल२आरजी हे जनुक घेऊ; ते बिघडले की बाळाला एससीआयडी, म्हणजे प्रतिकारशक्ती जवळजवळ नसण्याचा जन्मजात आजार होतो. मूळ पेशींपासून निघालेल्या पेशीला छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारी एक प्रकारची पांढरी रक्तपेशी व्हायचे असेल, तर जगण्याचा आणि वाढण्याचा निरोप मिळावा लागतो. तो इंटरल्यूकिन-७ (इंटरल्यूकिने म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिने) आणते, आणि तो स्वीकारणाऱ्या ग्राहीचा एक भाग हे जनुक बनवते. १९९३ मध्ये या जनुकातला दोष सापडला तेव्हा शास्त्रज्ञही कोड्यात पडले, कारण तो भाग केवळ इंटरल्यूकिन-२च्या ग्राहीचा समजला जाई आणि ते इंटरल्यूकिन नसलेल्या उंदरांत टी-पेशी तर तयार होत होत्या. मग कळत गेले, की २, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहाही इंटरल्यूकिनांच्या ग्राहींत तोच भाग असतो. सातचा निरोप पोहोचला नाही म्हणून टी-पेशी घडत नाहीत, पंधराचा पोहोचला नाही म्हणून विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी मारणाऱ्या एनके-पेशी घडत नाहीत. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी असतात, पण टी-पेशींच्या मदतीवाचून त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

आमच्या यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका. टी-पेशींच्या चौकोनात जिथे दाट पुंजका हवा, तिथे या बाळांच्या रक्तात जवळजवळ काहीच नसते. क्वचित काही ठिपके दिसतात, तेही बहुधा गर्भात असताना आलेल्या आईच्या पेशींचे.

मग आई हळूच विचारते, “म्हणजे माझ्यामुळे?” हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्याला एकच एक्स, तेही आईकडून मिळते, त्यामुळे पुष्कळदा दोष आईकडून येतो, कधी तो बाळातच नव्याने घडतो. पण त्यात तिची चूक कसलीच नाही, आणि तिला तो कधी जाणवलेलाही नसतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निजलेले असते. ज्या पेशींत चांगले एक्स जागे होते, त्याच पुढे टी-पेशी झाल्या, बाकीच्या वाटेतच संपल्या. अशा आईच्या पुढच्या प्रत्येक मुलग्यात दोष येण्याची शक्यता निम्मी असते. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आपल्याकडे जन्मताच देतात आणि या बाळांना ती घातक ठरू शकते. म्हणून घरातला एखादा मुलगा तान्हेपणी जंतुसंसर्गाने गेला असेल, तर लस देण्याआधीच ते डॉक्टरांना सांगा.