मायक्रोकर्नल रिस्क-फाइव्हवर नेताना: माझा अनुभव

आम्हा तिघा मित्रांचा एक छोटा मायक्रोकर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी लहान ठेवलेला गाभा) कोथरूडमधल्या एका खोलीत आकाराला आला आणि एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या ६४-बिट प्रोसेसरच्या) संगणकावर तो व्यवस्थित चालू लागला. त्याच्या गाभ्यात अ‍ॅड्रेस स्पेस (प्रत्येक प्रोग्रामला दिसणारी त्याची मेमरी), थ्रेडचे (प्रोग्राममधल्या चालत्या कामांचे) शेड्युलिंग आणि प्रोसेसमधील संदेशवहन एवढेच आहे. फाइल सिस्टिम, ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्राम) आणि पेजर (मेमरी पुरवणारा प्रोग्राम) हे सारे बाहेर, साध्या यूजर प्रोग्रामप्रमाणे चालतात. पुढे तो रिस्क-फाइव्ह या वेगळ्या प्रोसेसर-आर्किटेक्चरवर न्यायचे आम्ही ठरवले. बर्कली येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या या आर्किटेक्चरची नियमावली सर्वांना खुली आहे, आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ व सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रोसेसरही तिच्यावरच आधारलेले आहेत.

गाभा लहान म्हणजे पोर्टिंगही (दुसऱ्या प्रोसेसरवर नेण्याचे काम) लहान, असा सर्वसाधारण समज असतो. मायक्रोकर्नलचे संशोधक योखेन लीडके यांनी १९९५ मध्ये याच्या उलट मांडणी केली होती: मायक्रोकर्नल हा प्रोसेसरच्या इतका लगत असतो की तो त्या त्या प्रोसेसरसाठीच घडवावा लागतो. हे मत मला पूर्णपणे मान्य नाही, कारण आमचा शेड्युलर जसाच्या तसा नव्या प्रोसेसरवर गेला. पण जुन्या प्रोसेसरने न सांगता पुरवलेल्या सोयी कोडमध्ये किती खोलवर मुरलेल्या असतात, हे या कामात पदोपदी जाणवले.

पहिली अशी सोय इनपुट-आउटपुट पोर्टची, म्हणजे उपकरणांशी बोलण्यासाठी मेमरीहून वेगळ्या ठेवलेल्या क्रमांकांची. एक्स८६वर ड्रायव्हरला ठरावीक पोर्ट वापरण्याची परवानगी देणारी स्वतंत्र यंत्रणा आम्ही ठेवली होती. रिस्क-फाइव्हमध्ये असे पोर्टच नाहीत. उपकरणाची रजिस्टरे (आदेश व माहितीचे छोटे कप्पे) मेमरीच्या अ‍ॅड्रेसवरच असतात. त्यामुळे ड्रायव्हरला उपकरण सोपवणे म्हणजे त्याच्या अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये ते पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) जोडून देणे, एवढेच उरले आणि ती सारी यंत्रणा आम्हाला आनंदाने काढून टाकता आली.

बूटचा भाग तुलनेने सरळ होता. ओपनएसबीआय हे फर्मवेअर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम) सर्वाधिक अधिकाराच्या मशीन मोडमध्ये राहते आणि कर्नलला त्याखालच्या सुपरवायझर मोडमध्ये सुरू करते. त्या वेळी ‘ए०’ रजिस्टरात प्रोसेसरच्या कोअरचा क्रमांक आणि ‘ए१’मध्ये डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावरील उपकरणांच्या वर्णनाचा) अ‍ॅड्रेस मिळतो. एसव्ही३९ पद्धतीची पेज टेबले (प्रोग्रामचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारी कोष्टके) तीन पातळ्यांची असतात, प्रत्येक पातळीवर ५१२ नोंदी. एक्स८६-६४च्या चार पातळ्यांची सवय असलेल्याला ती लगेच हाताशी येतात.

खरा वेळ ट्रॅपच्या, म्हणजे प्रोग्राममधून कर्नलमध्ये शिरण्याच्या, कोडने घेतला. सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) होताच हा प्रोसेसर स्वतः ना स्टॅक बदलतो, ना सामान्य रजिस्टरे जतन करतो. कर्नलच्या हाती ‘एसस्क्रॅच’ नावाचे एकच मोकळे रजिस्टर असते, आणि त्याच्याशी अदलाबदल करून पहिली जागा मिळवावी लागते. याहून महत्त्वाचा फरक परतीच्या अ‍ॅड्रेसचा आहे. एक्स८६-६४वर तो सिस्टिम कॉलच्या पुढच्या सूचनेचा असतो, तर येथे ‘एसईपीसी’ या रजिस्टरात खुद्द कॉल करणाऱ्या ‘ईकॉल’ सूचनेचाच अ‍ॅड्रेस राहतो. सामान्य कॉलला त्यात ४ (त्या सूचनेची बाइटमधली लांबी) मिळवूनच परतावे लागते. नाहीतर तोच कॉल पुन्हा पुन्हा होत राहतो. पण संदेशाची वाट पाहत थांबलेल्या थ्रेडला कॉल पहिल्यापासून करायला लावायचा असेल, तर येथे काहीच करावे लागत नाही. जुन्या कोडमध्ये त्यासाठी अ‍ॅड्रेस मागे सरकवावा लागे.

संदेशवहनाला तर या प्रोसेसरवर बरकतच आली. एक्स८६-६४वर सामान्य रजिस्टरे १६, येथे शून्य-रजिस्टर वगळून ३१. त्यामुळे बरेच मोठे संदेश मेमरीला न शिवता एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे जातात. पुण्यातच सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ज्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर चालत असे, त्यांच्यात संदेश पाठवण्याच्या सूचना थेट प्रोसेसरमध्येच होत्या. या कामात मला त्याची वारंवार आठवण झाली.

क्यूईएमयू या एम्युलेटरवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सारे चालू लागल्यावर आम्ही व्हिजनफाइव्ह २ हा रिस्क-फाइव्हचा बोर्ड घेतला आणि सिरियल कन्सोलसाठी (बोर्डाचा मजकूर आपल्या संगणकावर पाहण्यासाठी) तपकीर गल्लीतून यूएसबी-टीटीएल जोडणी आणली. पडदा कोराच राहिला. यूआर्टचा (सिरियल जोडणी चालवणाऱ्या उपकरणाचा) अ‍ॅड्रेस एम्युलेटरमध्ये होता तोच होता, पण या बोर्डावर त्याची रजिस्टरे एकेक बाइटच्या नव्हे, चारचार बाइटच्या अंतरावर आहेत. “डिव्हाइस ट्रीत लिहिलंय की रे ते,” मित्र म्हणाला, आणि तेव्हापासून अशी प्रत्येक गोष्ट तिथूनच वाचायची असा नियम आम्ही केला.

अक्षरे उमटली, पण पहिला यूजर प्रोग्राम सुरू होताच पेजर आणि तो थ्रेड यांच्यात अखंड संदेश फिरू लागले. पेज फॉल्ट (पेज वापरता येत नाही असा प्रोसेसरचा इशारा) येई, कर्नल तो पेजरला कळवी, पेज आधीच जोडलेले आहे असे पेजर उत्तर देई, थ्रेड पुढे जाऊ पाही आणि त्याच अ‍ॅड्रेसवर पुन्हा फॉल्ट येई. पेज वापरले गेले किंवा त्यावर लिहिले गेले हे दाखवणारे बिट एक्स८६ स्वतः लावतो. आम्ही वापरलेला एम्युलेटरही लावत होता. बोर्डावरचा यू७४ कोअर मात्र ते लावत नाही, तर फॉल्ट देतो, आणि नियमावलीला दोन्ही वर्तने मान्य आहेत. आता असा फॉल्ट कर्नल पेजरपर्यंत जाऊच देत नाही. तो स्वतः बिट लावून थ्रेडला पुढे सोडतो.

मेमरीतील क्रमाचे काम आम्ही दोष दिसण्याची वाट न पाहता केले. ड्रायव्हर आणि सर्व्हर सामायिक रिंगमधून (दोघांनाही दिसणाऱ्या मेमरीतल्या फिरत्या रांगेतून) बोलतात: आधी माहिती लिहायची, मग ‘तयार’ ही खूण. एक्स८६वर दुसऱ्या कोअरला हे लेखन त्याच क्रमाने दिसते. रिस्क-फाइव्हची नियमावली तशी हमी देत नाही, म्हणून दोहोंच्या मध्ये क्रम राखायला लावणारा ‘फेन्स’ हवा. चाचण्या त्याच्याविनाही उत्तीर्ण होत होत्या. तरी चाचणीपेक्षा नियमावली मोठी मानून आम्ही प्रत्येक रिंग वाचून काढली. नवा प्रोग्राम मेमरीत उतरवल्यावर कोअरला नव्या सूचना वाचायला लावणारी ‘फेन्स.आय’ फक्त त्याच कोअरपुरती चालते, त्यामुळे इतर कोअरना ओपनएसबीआयमार्फत कळवण्याचीही सोय करावी लागली.

आता बोर्डाच्या चारही कोअरवर फाइल सिस्टिम आणि शेल चालतात. इथरनेटचा ड्रायव्हर अजून बाकी आहे. त्याच्या डीएमएसाठी (उपकरणाने स्वतः थेट मेमरीत वाचण्या-लिहिण्यासाठी) कोणती पेजे द्यायची आणि ती परवानगी परत कशी घ्यायची, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे.