डावा हात

लेकीने बंगळूरला जाताना माळ्यावर टाकलेला सिंथेसायझर मध्यंतरी एका दुपारी खाली काढला. 61 पट्ट्या, त्यातली एक मुकी. अ‍ॅडॅप्टर शोधण्यात दोन दिवस गेले. तो मिक्सरच्या खोक्यात निघाला.

शिकवायला खालच्या मजल्यावरचा मुलगा येतो. ऑर्केस्ट्रात वाजवतो. मी विचारलं, सा कुठे धरू? "सीला धरा, काकू." सी म्हणजे आमची पांढरी एक. डाव्या हाताने सी-ई-जी एकदम दाबायचे आणि उजव्याने गाणं. सा-ग-पच की, त्यात काय! पण उजवा वाजवायला लागला, की डावा आपोआप उठतो आणि हवेत मागेपुढे हलायला लागतो.

"काकू, याला भाता नाहीये."

आजोबा गावच्या भजनात पेटी वाजवायचे. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा डावा हात गेला, तेव्हापासून एकादशीला भाता मारायला मी. वय वर्षं नऊ. पेटीच्या पलीकडे, त्यांच्याकडे तोंड करून बसायचं. भात्याच्या घड्यांतून डांबरगोळ्यांचा वास यायचा. मध्यरात्री डुलकी लागली की सूर बसायचा, आणि आजोबा वाजवणं न थांबवता पायाच्या अंगठ्याने माझ्या गुडघ्याला टोचायचे. गजर चढला की मीही जोरजोरात भाता हाणायची. त्यावर घरी येताना बोलणी: "तुका लयीशी काय करूचा? वारो सारखो व्हयो."

इथे वाऱ्याचं काम नाही. ऑर्गनचा आवाज लावून पट्टी दाबून ठेवा, स्वर तसाच्या तसा, चहा होईपर्यंत. आमच्या बुवांना काळी तीन लागायची; इथे ट्रान्सपोझचं बटण सहा वेळा दाबलं की पांढरी एकचीच काळी तीन होते. बोटं जिथल्या तिथे. आजोबांनी याला लबाडी म्हटलं असतं. बुवा ऐन वेळी अर्धी पट्टी वर चढायचे तेव्हा मात्र मुकाट्याने वापरलं असतं.

डावा काही ऐकेना, तेव्हा मुलगा म्हणाला, राहू दे, आधी उजवा बसू दे. काल दुपारी हेडफोन लावून एकट्या उजव्याने वाजवत होते. डावा ठेवला होता मांडीवर, पालथा. बरं चाललं होतं. मधेच खाली लक्ष गेलं.

आजोबांचा अगदी असाच असायचा. पालथा, बोटं जराशी आत वळलेली. मी समोरून बघत असायची.

झटकन उचलला.