आज मामासोबत खाडीत
आज सुकतीला (ओहोटीला) मामाबरोबर होडीतून वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत गेले आणि अर्धा तास नुसती चिपीच्या, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाखाली बघत बसले. चिखलातून वर आलेल्या त्या बोटासारख्या मुळांत नखाएवढी कोळंबी, बोयट माशांची पिल्लं, पाणीच वळवळतंय असं वाटावं इतकी! मोठा मासा त्या गर्दीत शिरत नाही म्हणून पिल्लं सेफ, आणि गळलेली पानं कुजली की तेच त्यांचं जेवण. जिताडा मासा पण इथलाच का विचारलं तर मामा म्हणतो, "अगो, तो जन्मता खाडीच्या तोंडार, पण वाढता हयच." कालवं मुळांनाच चिकटलेली, काढताना माझं बोट कापलं ते वेगळंच 😅 पांढरी चिपी २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे, हे मामाला सांगितलं तर म्हणे, "मगे आता कोणी तोडूचे नाय मां?"