तुम्ही विचारलंत म्हणून: दोन किलोच्या डब्याला कोणती सर्व्हो?

ड्रोनखाली दोन किलोचा डबा न्यायचाय, किती टॉर्कची सर्व्हो घेऊ? (सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटार, टॉर्क म्हणजे तिचा फिरवण्याचा जोर: किलोमधला जोर गुणिले दांडीची सेंटीमीटरमधली लांबी.) शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुलं हे हमखास विचारतात, आणि खेड्यापाड्यांत औषधं पोचवायचं मनात असलेली मोठी माणसंही. उत्तर एका आकड्यात देता येतं: १० किलो-सेंटीमीटर, धातूच्या गिअरची. पण ती डबा सोडायला, पेलायला नव्हे. डब्याचं वजन सर्व्होवर येता कामा नये, सगळी रचना याच एका गोष्टीसाठी असते.

जुन्या दाराचा अडसर आठवा. बाहेरून कितीही धडका बसल्या तरी त्या भिंतीतल्या खाचा सोसतात, उघडणाऱ्याने तो फक्त आडवा सरकवायचा. इथेही तसंच. ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, त्यांतून आरपार ४ मिमीची स्टेनलेस पिन आणि मधल्या फटीत डब्याच्या दोरीचा फास. पिनला दोन्ही पट्ट्यांचा आधार हवाच. एकाच पट्टीतून बाहेर आलेली पिन झटक्याने वाकते, आणि वाकलेली पिन सरकत नाही.

सर्व्होने पिन ओढली की डबा सुटतो, म्हणजे आता तिच्या वाट्याला फक्त घर्षण उरलं. घर्षणगुणांक ०.३ धरला तर २ किलोला ०.६ किलो जोर, २ सेंमी लांबीच्या हॉर्नवर (सर्व्होच्या दांडीवर) १.२ किलो-सेंमी. मग १० ची कशाला? धुळीने आणि गंजाने घर्षण दुप्पट होतं, हवेतल्या झटक्याने वजन तिप्पट भासतं. ७.२ झालेच की.

या आकाराची सर्व्हो अडकली की २.५ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. तिला फ्लाइट कंट्रोलरच्या (ड्रोन उडवणाऱ्या संगणक-बोर्डाच्या) पिनांवरून वीज दिलीत तर व्होल्टेज खाली बसून कंट्रोलर हवेतच रीसेट होऊ शकतो. तिच्यासाठी वेगळा ३ अँपिअरचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) लावा. वीज सुरू होताना सर्व्हो एकदा थरथरते, म्हणून हाताने काढायची एक सेफ्टी पिन ठेवा आणि डबा त्यानंतरच अडकवा. भाग थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक नको. ते साठेक अंशांना मऊ पडतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी तिथवर सहज जाते.

इलेक्ट्रोमॅग्नेटचं काय, हेही विचारलं जातं. साधा चुंबक वीज गेली की माल टाकतो, आणि तोवर बॅटरी पीत राहतो. पल्स देऊन चालू-बंद होणारा इलेक्ट्रो-पर्मनंट चुंबक बरा, पण मध्ये मिलिमीटरभर पुठ्ठा किंवा धूळ आली तरी पकड झपाट्याने घटते, आणि कंपास जवळ असेल तर तोही बिघडतो.

उतरायला जागा नसेल तर विंच, म्हणजे दोरी सोडणारा-गुंडाळणारा मोटारीचा ड्रम. (झिपलाइन या ड्रोन कंपनीने २०१६ पासून रवांडात रक्ताच्या पिशव्या पॅराशूटने टाकल्या, कारण त्यांच्या पंखवाल्या ड्रोनला हवेत थांबताच येत नव्हतं.) गूगलची मालक कंपनी अल्फाबेट, तिच्या विंग या ड्रोन कंपनीचा ड्रोन साधारण ७ मीटरवर तरंगत पुडकं दोरीने सोडतो, आणि हुकात मोटार नसते. पुडक्याची मूठ वजनानेच हुकाच्या ओठावर बसलेली असते. पुडकं टेकलं, दोरी सैल पडली की हुक खाली घसरून मुठीतून निसटतो. कल्पना झकास आहे, पण तिच्यातच धोका दडलेला आहे: दोरी हवेत सैल पडली तरी माल सुटणार. वाऱ्याच्या खाली दाबणाऱ्या झोताने ड्रोन एकदम खचला की तेवढं पुरतं. म्हणून उडताना डबा पोटाशी रबरी गाद्यांवर घट्ट ओढलेला हवा आणि हुकाचं तोंड ड्रोनच्या सांगाड्यानेच बंद झालेलं हवं.

४० मिमी व्यासाच्या ड्रमला २ किलोसाठी ४ किलो-सेंमी टॉर्क पुरतो. सेकंदाला अर्धा मीटर वेग हवा तर मिनिटाला सुमारे २४० फेरे. १० मीटर खाली जाऊन वर यायला ४० सेकंद. १० किलोच्या ड्रोनला तरंगायला दीड किलोवॉट धरले तर त्यात १७ वॉट-तास गेले. वर्म गिअर (स्क्रूसारखा, उलट्या बाजूने न फिरणारा) घेतला तर वीज गेल्यावरही डबा कोसळत नाही. दोरी दीड मिलिमीटरची डायनीमा (न ताणणारा, मजबूत कृत्रिम धागा). नायलॉन ताणतं आणि डबा नाचवतं. डायनीमाला गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते, शिवाय गाठ निसटते, म्हणून स्प्लाइस करा, म्हणजे टोक दोरीतच ओवून गुंफा. हुकाच्या वर मासेमारीचा स्विव्हेल (गोल फिरणारी कडी) लावा, नाहीतर दोरीला पीळ पडत जातो.

सर्वांत वाईट अपघात डबा पडण्याचा नसतो. हुक झाडात अडकतो, ड्रोन जमिनीला बांधला जातो आणि कंट्रोलर त्या ओढीशी झगडत झगडत ड्रोन आपटतो. म्हणून दोरीचं टोक ड्रमला बांधूच नका, ड्रमवर जास्तीचे भरपूर वेढे ठेवा. अडकलं की मोटार उलटी फिरवून सगळी दोरी सोडून द्यायची. मोटारच बंद पडली तर दोरी जाळणारी, विजेने तापणारी नायक्रोमची तार असावी.

रिकामा हुक वर येतानाही सावध राहायला हवं. झोके घेणारी दोरी आखूड होत गेली की झोक्याचा कोन वाढतो आणि हलका हुक थेट पंख्यात जातो. हुक ८०-१०० ग्रॅमचा ठेवा, शेवटचा मीटर सावकाश गुंडाळा.

पिन हलली म्हणजे माल गेला, असं सॉफ्टवेअरला समजू देऊ नका. ५ किलोचा लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) त्याचा संकेत वाचणाऱ्या एचएक्स७११ चिपला जोडा. वजन उतरल्याचं दिसेपर्यंत ड्रोनने उंची घ्यायची नाही.

चाचणीला तांदळाची पिशवी चालते. दुप्पट वजन २४ तास टांगून ठेवा, मग पिन ओली करून, माती लावून, दोरी ३० अंश तिरकी ओढून पाचशे वेळा उघडझाप. शेवटी डबा उतारावर टेकवून पाहा. तो कलंडतो, मूठ हुकावर पडते, आणि सपाट फरशीवर कधी न अडकलेला हुक तिथे अडकतो.