ओसाकाचा उभा मायक्रोफोन

ओसाकाच्या नाम्बा भागात, स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या दोगुयासुजी बाजारपेठेला लागूनच नाम्बा ग्रँड कागेत्सु हे ८५८ आसनांचे नाट्यगृह आहे. याच शहरात १९१२ साली सुरू झालेली योशिमोतो ही विनोदी कलावंतांची संस्था ते चालवते. दुपारच्या खेळाला मी गेले तेव्हा आजी-आजोबा आणि नातवंडे शेजारीशेजारी बसली होती.

रंगमंचाच्या मध्यभागी एकच मायक्रोफोन उभा होता. सोनीच्या सी-३८ या मॉडेलवरून, म्हणजे जपानीतल्या तीन आणि आठ या अंकांवरून, कलावंत त्याला ‘सानपाची’ म्हणतात. सूट घातलेले दोघे लगबगीने आले, मायक्रोफोनच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि मान्झाई, म्हणजे दोघांचा विनोदी संवाद, सुरू झाली. त्यातला ‘बोके’ असंबद्ध बोलत जातो आणि ‘त्सुक्कोमी’ त्याला तिथल्या तिथे अडवतो, कधी छातीवर हलकी चापटही मारतो.

त्याआधी न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरील, १९८२ साली सुरू झालेल्या कॉमेडी सेलर या तळघरात मी स्टँड-अप पाहिले होते. तिथे विटांच्या भिंतीपुढे एकटा माणूस मायक्रोफोन हातात घेऊन आपला घटस्फोट, आपले आईवडील आणि देशाचे राजकारण यांविषयी बोलतो, पहिल्या रांगेतल्या माणसाला प्रश्न विचारतो, आणि आपल्या बोलण्यातली विसंगती ओळखण्याचे काम प्रेक्षकांवर सोपवतो. ओसाकात ते काम त्सुक्कोमी करतो. पुण्यात शिकलेली माझी जपानी तिथल्या बोलीपुढे वारंवार अपुरी पडत होती, पण ‘नान्देयानेन’, म्हणजे ‘असं कसं रे!’, हे शब्द कानावर पडताच काहीतरी वाकडे बोलले गेले आहे हे कळत होते. माझ्या भोवतालचा हशाही बहुतेक वेळा बोकेच्या वाक्यापेक्षा त्या प्रतिसादावरच फुटत होता. तमाशातली बतावणी ऐकलेल्या माणसाला ही जोडी परकी वाटणार नाही.

तो सूट मात्र पाश्चात्त्य आहे. नववर्षाला दारोदार जाऊन ढोलकीच्या साथीने आशीर्वाद देणाऱ्या दोघा कलावंतांपासून मान्झाई निघाली. एन्तात्सु आणि आचाको या जोडीने १९३० च्या दशकात गाणे-वाजवणे बाजूला ठेवून, सूट घालून, बेसबॉलसारख्या रोजच्या विषयांवर निव्वळ संवाद सुरू केला. आजची मान्झाई त्या बदलातून घडली आहे. २००१ साली सुरू झालेल्या, मान्झाईच्या एम-१ स्पर्धेच्या अंतिम फेरीत जोडीला जेमतेम चार मिनिटे मिळतात, त्यामुळे प्रत्येक विराम घासूनपुसून बसवलेला असतो.

जपानी विनोदात एकटा माणूस नसतोच असे नाही. दुसऱ्या दिवशी तेन्मांगु देवळाजवळच्या, २००६ साली उघडलेल्या हान्जोतेई या राकुगोच्या, म्हणजे एकट्याने बसून सांगायच्या विनोदी कथांच्या, नाट्यगृहात मी गेले. तिथला कथेकरी उशीवर गुडघे दुमडून बसतो. त्याच्यासमोर अनेकदा छोटे मेज असते आणि हातात पंखा व पंचा. माझ्यासमोरच्या कथेकऱ्याने प्रास्ताविकात, ज्याला ‘माकुरा’ म्हणतात, स्वतःविषयी चार वाक्ये सांगितली, मग किमोनोवरचा हाओरी अंगरखा उतरवला आणि कथेत शिरला. त्यानंतर तो स्वतः कुठेच उरला नाही. डावीकडे मान वळवली की घरमालक, उजवीकडे वळवली की भाडेकरू. दोघांची बाचाबाची एकाच तोंडून. पंख्याची काठी ओठांशी नेऊन त्याने शेवया सुर्र करून ओढल्या, तेव्हा मला वाफ दिसली.

शेवटचे वाक्य सांगून त्याने कपाळ टेकवले. एक शिकाऊ पुढे आला, त्याने उशी उलटी केली आणि नावाची पाटी पालटली.