वाडा मोठा, गाळा महाग

मी जळगावला व्हॅल्युअर आहे. कर्जासाठी तारण ठेवलेल्या घराची, गाळ्याची, शेताची किंमत काढून द्यायची, हे माझं रोजचं काम. भाऊवाटणीची कामं मी टाळतो. आकडा काहीही निघाला तरी एक भाऊ रुसतोच. हे मात्र ओळखीतून गळ्यात पडलं.

वाटणीला तीन मिळकती होत्या. जळगावच्या नवीपेठेतला एक गाळा, एरंडोलला गावातला जुना वाडा आणि एरंडोलच्याच शिवारात हायवेला लागून बरड शेत.

गाळ्याचं काम शटर वर करून टेप लावली तेवढ्यात आटोपलं. वाड्याने मात्र दुपार केली. दोन चौक, सागवानी खांब, भिंतीतली धान्य साठवायची बळदं, वर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं. खांबांच्या लाकडाची किंमत वेगळी धरली, कारण जुन्या सागाला आजही गिऱ्हाईक आहे. तरी बेरीज गाळ्याच्या निम्म्यावरही जाईना.

ओट्यावर बसलेल्या तात्यांना, म्हणजे भावांच्या वडिलांना, हे सांगितलं, तर ते उसळलेच. "इतला मोठा वाडा शे, आनी त्यानी किंमत त्या एवढुशा गाळापेक्षा कमी? काय सांगस भो!" मग एरंडोल किती जुनं, इथला हातकागद कसा नावाजलेला होता, हे सगळं ऐकवलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी मोजमापाच्या कागदाच्या पाठीवर गिरणा नदी काढली आणि शेजारी रेल्वे. मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, म्हसावद, जळगाव. एवढ्या वाटेत ही लाईन गिरणा ओलांडतच नाही. नदी डाव्या हाताला ठेवून ती खाली तापीच्या खोऱ्यात उतरते. एरंडोल राहिलं नदीच्या पल्याड. मोठा पूल वाचत असताना इंग्रज साहेब इकडे कशाला वळेल, हा आपला माझा तर्क.

लाईन आली 1860 च्या दशकात आणि तेव्हाच, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला हवासा झाला. खान्देशची काळी जमीन कापसाचीच. पण कापूस म्हणजे वजनाला हलका आणि जागा खाणारा माल. लांब न्यायचा तर आधी सरकी काढून गाठी दाबायला हव्यात. म्हणून जिनिंग-प्रेस स्टेशनाजवळ उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे अडते आले, अडत्यांमागे सराफ. 1906 साली खान्देशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खान्देशचं ठाणं जळगावला गेलं. कचेरी आली की वकील येतात, खाणावळी येतात आणि जागेचे भाव काही खाली येत नाहीत.

"म्हणजे गाळ्याची किंमत रेल्वेनी?" तात्या.

"रेल्वेमुळेही अर्धीच." रुळांच्या पलीकडे, शिवाजीनगरला तेवढ्याच गाळ्याला मी नवीपेठेचा दर लावत नाही. स्टेशन दोन्हीकडून सारखंच जवळ. पण बाजार अलीकडे वाढला, आणि पलीकडच्याला इकडे यायचं तर पूल किंवा वळसा.

तात्यांचं समाधान झालं असं वाटत नाही. धाकटा मुलगा मात्र तेवढ्यात मला शेताकडे घेऊन गेला. तिथे बाजरीसुद्धा धड येत नाही. सुरत-नागपूर हायवे बांधाला लागून जातो, पण चौपदरी झाल्यापासून मध्ये दुभाजक आहे आणि त्यातून गाडी वळवायचा जवळचा कट बराच पुढे. कट शेतासमोर असता तर ढाब्याचा किंवा पेट्रोल पंपाचा भाव निघाला असता. नाही, म्हणून शेतीच्या दरापेक्षा थोडा वर धरला. धाकट्याने कटचं अंतर माझ्याकडून दोनदा मोजून घेतलं.

संध्याकाळी थोरल्याने गाळा घेतला, धाकट्याने वाडा आणि शेत. फरकाची रक्कम थोरल्याने द्यायची ठरली. कागदावर सही करण्याआधी धाकट्याने एक ओळ घालून घेतली: पुढे कट किंवा सर्व्हिस रोड मिळाला, तर वाढलेल्या किमतीवर थोरल्याचा हक्क नाही. थोरला हसून तयार झाला. तात्या तेवढे हसले नाहीत.